बागेत जागा आहे, शरीरात नाही

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली, डोळे फुटले आणि नेमका तेव्हाच पाऊस रेंगाळला, की सांगलीच्या तासगाव-पलूस पट्ट्यात एकच चौकशी सुरू होते: रात्री पानं किती तास ओली होती? डाऊनी या पानांवरच्या बुरशीजन्य रोगाचा सगळा हिशेब त्या तासांवर बसतो. फवारणी आज घ्यायची की उद्या, हे तिथं ठरतं, आणि एक फवारणी चुकली तर वर्ष चुकतं. म्हणून पानांवरचा ओलावा मोजणारे सेन्सर बागांमध्ये आले, आणि त्यांच्या मागोमाग एक स्वप्नही आलं. आज डब्याएवढा असलेला सेन्सर उद्या ज्वारीच्या दाण्याएवढा आणि परवा धुळीच्या कणाएवढा होईल. ड्रोनमधून भुकटीसारखा बागेवर उधळायचा, मग पान न् पान स्वतःच सांगेल. अर्थात त्या कणाला चालवणारी बॅटरीही कणाएवढीच हवी. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे ख्रिस पिस्टर यांनी १९९७ च्या सुमारास तिला ‘स्मार्ट डस्ट’ असं नाव दिलं होतं. आपल्याकडे राज्य सरकारनं २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं आणि शेतातल्या सेन्सरांसाठी सरकारी पैशाची वाट मोकळी झाली. त्यामुळे कोणता सेन्सर घ्यायचा हा प्रश्न आता एकट्या बागायतदाराचा राहिलेला नाही.

आमचं म्हणणं असं: सूक्ष्म बॅटरी ही थाप नाही, ती खरी आहे आणि तिच्यावर काम व्हायलाच हवं. पण ती बागेसाठी नाही. जिथं जागेलाच मोल आहे, म्हणजे डोळ्यात, हृदयात, रक्तवाहिनीत, तिथं ती हवी. द्राक्षाच्या मांडवाखाली जागेची टंचाई नाही. तिथं अंगठ्याएवढा सेल सहज बसतो आणि वर्षानुवर्षं चालतो. सांगली-साताऱ्यात या विषयावर जो पैसा खर्च व्हायचा तो हा फरक ओळखून व्हावा.

आधी विजेचा हिशेब मांडू. घड्याळात, रिमोटमध्ये असतो तो नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, आपल्या ओळखीचा आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट, क्षमता सुमारे २२५ मिलीॲम्पिअर-तास. म्हणजे साधारण २,४०० ज्यूल ऊर्जा, आणि योगायोगानं घनफळ बरोबर एक घन सेंटिमीटर. आता हाच सेल लहान करत जा. बाजू एक दशांश झाली की साठा एक सहस्रांश होतो. एक मिलिमीटरच्या घनात उरतात २.४ ज्यूल, त्याच्याही दशांशात २.४ मिलीज्यूल. हे अगदी उदार मनानं केलेलं गणित आहे, कारण यात आवरणाची जाडी धरलेली नाही.

आवरण धरलं की चित्र आणखी बिघडतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शंभर मायक्रॉनच्या घनाला सगळीकडून दहा मायक्रॉनची भिंत दिली तर आत निम्मीच जागा उरते. वीस मायक्रॉनच्या घनाला पाच मायक्रॉनची भिंत दिली तर आठवा हिस्सा. भिंत फार पातळ करून चालत नाही, कारण लिथियमला ओलाव्याचं वावडं आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्यातला प्रकार.

जत-कवठेमहांकाळकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. खोल शेततळं उन्हाळा काढतं. तेच पाणी शंभर उथळ डबक्यांत वाटलं तर आठवड्यात आटतं. साठा असतो खोलीत, गळती आणि वाफ होते पृष्ठभागातून. बॅटरीचंही तसंच. तिची आतल्या आत होणारी गळती पृष्ठभागावर, कडांवर, जोडावर होते. फक्त एक नॅनोॲम्पिअर गळती धरा, म्हणजे ॲम्पिअरचा अब्जावा भाग. नाण्याच्या सेलला ती पंचवीस हजार वर्षं रिकामा करू शकणार नाही. पण सात मायक्रोज्यूलची, एक व्होल्टची बॅटरी तेवढ्याच गळतीनं दोन तासांत संपते.

सात मायक्रोज्यूल हा आकडा हवेतून काढलेला नाही. एमआयटीतल्या मायकेल स्ट्रॅनो यांच्या गटानं २०२४ मध्ये जस्त आणि हवेवर चालणारी जी बॅटरी दाखवली तिची लांबी ०.१ मिलिमीटर, जाडी ०.००२ मिलिमीटर. ती सुमारे एक व्होल्ट देते आणि तिच्यात साधारण पाच ते आठ मायक्रोज्यूल ऊर्जा असते. काम सुंदर आहे, यात शंका नाही. एवढ्या आकारात एवढी ऊर्जा बसवणं सोपं नव्हे. मात्र तिच्यावर जी यंत्रं चालवून दाखवली ती तारेनं बाहेर जोडलेली होती.

आता बागेतला सेन्सर काय मागतो ते बघू. गावाबाहेरच्या बागेतून गेटवेपर्यंत, म्हणजे निरोप गोळा करून पुढं इंटरनेटवर टाकणाऱ्या डब्यापर्यंत, निरोप पाठवायला लोरा या लांब पल्ल्याच्या पद्धतीचा रेडिओ वापरतात. एका निरोपाला साधारण ४० मिलीॲम्पिअर, ३.३ व्होल्ट, ०.४ सेकंद लागतात, म्हणजे ५३ मिलीज्यूल. पाच ग्रॅमचा टपोरा मणी जमिनीवरून मीटरभर उचलायला लागते तेवढीच ही ऊर्जा, माणसाला नगण्य. पण स्ट्रॅनोंच्या बॅटऱ्यांच्या भाषेत तो साडेसात हजार बॅटऱ्यांचा एक निरोप झाला. एक चौरस मिलिमीटरवर पाच मायक्रॉन जाडीचा लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडचा थर दिलेली चांगल्या प्रतीची पातळ-थर बॅटरी घेतली, तर तिच्यात ४८ मिलीज्यूल मावतात. एक निरोपही धड जायचा नाही.

आणि समजा ऊर्जा कुठून तरी मिळाली, तरी अँटेना? आपल्याकडे या कामाला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय खुला आहे. त्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, चतुर्थांश अँटेना साडेआठ सेंटिमीटरची. धुळीच्या कणाला साडेआठ सेंटिमीटरची शेपटी लावली की तो धुळीचा कण राहत नाही. अँटेना फार आखूड केली तर निरोप मांडवातल्या ओल्या पानांतच विरतो.

‘पूर्वी संगणक खोलीएवढा होता, आता खिशात मावतो, बॅटरीचंही तसंच होईल,’ असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो फसवा आहे. ट्रान्झिस्टर माहिती वाहतो, आणि माहितीला वजन नसतं. तोच निरोप लहान खुणेनं लिहिला तरी अर्थ बदलत नाही. बॅटरी पदार्थ साठवते. एका घन सेंटिमीटर लिथियमच्या सेलमधून किती ज्यूल निघणार हे रसायनशास्त्रानं ठरवून ठेवलंय. त्यात दुपटी-तिपटीची सुधारणा होईल, लाखपटीची नाही.

‘जगातली सर्वांत लहान बॅटरी’ अशा मथळ्यांचंही जरा तपासून घ्यावं. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत २०१० मध्ये कथिलाच्या ऑक्साइडची एकच नॅनोतार, शंभर नॅनोमीटर जाड आणि दहा मायक्रॉन लांब, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चार्ज होताना पाहिली गेली. मथळ्यात तार आली. बॅटरीचं समोरचं टोक, म्हणजे दुसरा इलेक्ट्रोड, तीन मिलिमीटर लांबीचं होतं, ते आलं नाही. त्या प्रयोगाचा हेतूच वेगळा होता: चार्ज होताना तार कशी फुगते, कशी वाकते हे पाहणं. तो पुरेपूर साधला. मेरीलंड विद्यापीठानं २०१४ मध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या एकेका छिद्रात अख्खी बॅटरी उभी केली. हार्वर्ड आणि इलिनॉय इथल्या गटांनी त्याआधी, २०१३ मध्ये, वाळूच्या कणाएवढी बॅटरी छापून काढली होती. दोन फण्या एकमेकींत अडकवाव्या तशी तिची रचना. हे सगळं भक्कम शास्त्र आहे. पण यातलं काहीही ‘शेतात टाका आणि विसरा’ या जातीचं नाही, आणि करणाऱ्यांनीही तसा दावा केला नव्हता. तो दावा विकणाऱ्यांचा.

बागेत सेन्सर बंद पडतात ते बॅटरी मोठी असल्यामुळे नव्हे, चुकीची असल्यामुळे. छाटणीपासून काढणीपर्यंत १४० दिवस धरा, दर अर्ध्या तासाला एक निरोप. दिवसाचे ४८ निरोप अडीच ज्यूल खातात. झोपेत असताना पाच मायक्रोॲम्पिअर धरले तर आणखी दीड ज्यूल. हंगामाला साडेपाचशे ज्यूल. कागदावर नाण्याचा सेल चार हंगाम चालायला हवा. प्रत्यक्षात तो पहिल्याच थंडीत दम टाकतो, कारण त्याची बांधणी एक मिलीॲम्पिअरच्या आतबाहेरच्या सावकाश खर्चासाठी आहे. एकदम ४० मिलीॲम्पिअर मागितले की आतल्या रोधामुळे दाब कोसळतो, प्रोसेसर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, परत निरोप पाठवू पाहतो, परत कोसळतो. पहाटे तापमान उतरलं की हे जास्त होतं, आणि पानं ओली असतात तीही पहाटेच. सेल बाहेर काढून मोजला तर मीटर तीन व्होल्ट दाखवतो, आणि दोष सेन्सरवर जातो.

यावर शंभर मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावून मोकळं होणारे बरेच आहेत. हिशेब करा: ४० मिलीॲम्पिअर ०.४ सेकंद म्हणजे १६ मिलीकूलंब. दाब अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडू द्यायचा नसेल तर ३२ मिलीफॅरॅड लागतात. तीनशेवीस पट! म्हणजे सुपरकपॅसिटर आला, आणि त्याची स्वतःची गळती खर्चात मांडावी लागते.

त्यापेक्षा पेन्सिल सेलच्या आकाराचा लिथियम-थायोनिल क्लोराइडचा सेल घ्यावा. दाब ३.६ व्होल्ट, क्षमता सुमारे २.४ ॲम्पिअर-तास, ऊर्जा ३१,००० ज्यूल. वरच्या हिशेबानं वीस वर्षांपेक्षा जास्त. सेलचं स्वतःचं झिजणं धरून आठ-दहा वर्षं म्हणा. त्याचीही एक खोड आहे. महिनोन्‌महिने पडून राहिला की आत लिथियमवर क्लोराइडचा पापुद्रा धरतो आणि पहिल्या झटक्याला दाब खाली जातो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या सेलवर तो पापुद्रा जाडच असतो. म्हणून नवा सेल बसवण्याआधी त्याला काही मिनिटं लहानशा रोधावर चालवून जागं करायचं, आणि शेजारी झटका पेलणारा कपॅसिटर द्यायचा. एवढं केलं की बॅटरीचा विषय बागेपुरता मिटतो. उरतो सेन्सरचा ओलावा मोजणारा पट्टा. त्यातून सतत एकाच दिशेनं प्रवाह सोडला तर तांब्याच्या रेघा हंगामभरात हिरव्या पडून खलास होतात. दिशा बदलत दहा मिलिसेकंदांचा ठोका द्यावा आणि रेघांवर सोन्याचा मुलामा असावा. अनुदानाच्या यादीत याची कुठं चौकशी होत असेल तर आनंदच आहे.

धूळ उधळण्याला दुसराही आक्षेप आहे, आणि तो बहुतेक लोक चुकीच्या कारणासाठी घेतात. जस्ताची भीती नको. एका सूक्ष्म बॅटरीत दोन पिकोलिटर जस्त धरलं तर चौदा नॅनोग्रॅम होतं. दहा लाख बॅटऱ्यांत चौदा मिलिग्रॅम. आपण झिंक सल्फेट एकरी किलोंनी घालतो. भीती उरलेल्याची आहे: सिलिकॉनचे कण, प्लॅटिनम, न कुजणारं पॉलिमर. आणि ते कुठं जाणार? बेदाण्याच्या शेडमध्ये, घडाच्या देठात, निर्यातीच्या पेटीत. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक चुरा सापडल्याची एक बातमी पुरेशी होईल. शिवाय २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत आकार, वजन, रसायन काहीही असलं तरी बॅटरी ती बॅटरी, आणि ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर. डोळ्यांना न दिसणारी बॅटरी कोण कशी गोळा करणार, याचं उत्तर देईल त्यानंच ती उधळावी. अंगठ्याएवढा सेल मात्र हंगाम संपल्यावर कृषी सेवा केंद्राच्या डब्यात सहज पडू शकतो. डबा बंद हवा, एवढंच. नाण्याचे सेल घरात सुटे राहिले तर धोका भलताच मोठा: २० मिलिमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला की दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. म्हणून सेन्सरच्या झाकणाला स्क्रू असावा, खटका नको.

मग सूक्ष्म बॅटरी कुणासाठी? मिरजेसाठी. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून हे गाव रुग्णांचं आहे. कर्नाटकातूनही माणसं तिथं येतात. शरीराच्या आत जागेचं भाडं फार. पेसमेकरचंच बघा. १९७२ मध्ये लिथियम-आयोडीनचा सेल आला आणि दर दोन-तीन वर्षांनी छाती उघडण्याचा फेरा सुटला. आजचे तारविरहित पेसमेकर एक घन सेंटिमीटरच्या आसपास आहेत आणि थेट हृदयात बसतात. त्यांच्या पोटातली बहुतेक जागा बॅटरीच अडवते. तिथं बॅटरी निम्मी झाली तर शस्त्रक्रिया बदलते, रुग्ण बदलतो. मिशिगन विद्यापीठानं २०११ मध्ये काचबिंदूच्या रुग्णासाठी डोळ्यातला दाब मोजणारं, घन मिलिमीटरच्या मापाचं यंत्र दाखवलं. दर पंधरा मिनिटांनी एक मोजणी, सरासरी खर्च ५.३ नॅनोवॅट, दिवसाला दीड तास ऊन किंवा घरातला दहा तास उजेड मिळाला की भागतं. लोरा रेडिओच्या एका निरोपाच्या ऊर्जेत हे यंत्र सुमारे चार महिने चालेल. आकार लहान करायचा तर आधी खर्च असा लहान करावा लागतो, बॅटरी नंतर.

इथं एक प्रामाणिक शंका येते: शरीरातही बॅटरी हवीच कशाला? बर्कलीतच २०१६ मध्ये मज्जातंतूवर बसणारं, बॅटरी नसलेलं यंत्र बाहेरून अल्ट्रासाउंडवर चालवून दाखवलं गेलं. डॉक्टर समोर बसून मोजणार असतील तर तसंच करावं, बॅटरीच्या भानगडीत पडू नये. पण काचबिंदूत दाब चढतो तो अनेकदा रात्री, रुग्ण झोपलेला असताना. बाहेरून कुणी वीज देत नाही, उजेड नाही, तरी मोजत राहायचं आहे. तेवढ्या अंधारासाठी साठा लागतो. सूक्ष्म बॅटरीची जागा ती.

मग ती बनवायची कुठं? यावर आपल्या भागातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचं उत्तर ठरलेलं असतं: आम्हाला नॅनो प्रयोगशाळा द्या. आमचा याला विरोध आहे, आणि कारण कामाच्या पायऱ्यांतच आहे. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जी पातळ-थर बॅटरी आकाराला आली तिची कृती आजही मूळची तीच. सिलिकॉन किंवा अभ्रकाच्या चकतीवर प्लॅटिनमचा थर. त्यावर लिथियम-कोबाल्ट ऑक्साइड, आणि त्याला नीट स्फटिकरूप यावं म्हणून सातशे अंशांच्या आसपास भट्टी. मग लिथियम फॉस्फेटच्या लक्ष्यावर नायट्रोजनमध्ये स्पटरिंग करून, म्हणजे आयनांच्या माऱ्यानं त्याचे अणू उडवून, लिपॉन या घन विद्युत-अपघटनीचा दीड मायक्रॉनचा थर. शेवटी लिथियमचा मुलामा आणि वर पॉलिमरचं कवच. लिपॉनचा थर साध्या यंत्रावर ताशी शंभरेक नॅनोमीटरनं वाढतो, म्हणजे दीड मायक्रॉनला पंधरा तास. मध्ये वीज गेली की थरात सांधा पडला. खोलीत दोन मायक्रॉनची धूळ असली आणि थर दीड मायक्रॉनचा असला, की त्या कणाभोवती छिद्र राहतं, लिथियम त्यातून खाली उतरतं आणि बॅटरी जन्मतःच शॉर्ट होते. लिथियम हाताळायला आर्गॉन भरलेली पेटी लागते, आत ओलावा आणि ऑक्सिजन दशलक्षात एका भागापेक्षा कमी. जुलैच्या दमट हवेत ती पेटी तशी राखणं हा पूर्ण वेळ धंदा आहे. एवढं करून बॅटरी चिपशेजारी बसवायची, तर सोल्डरिंगची भट्टी २६० अंशांची आणि लिथियम वितळतं १८० अंशांना!

असली स्वच्छ खोली जिल्ह्यात उभी केली तर पैसा तिच्या हवेवरच जाईल. मुंबईची आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था २००८ पासून बाहेरच्या संशोधकांना आपल्या स्वच्छ खोल्या वापरू देतात. थर तिथं घालावेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर कित्येक दशकं काम झालंय, तो अनुभव हाताशी आहे. सांगलीचं वालचंद किंवा साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय यांनी घ्यावं ते दुसरं काम, ज्याला कुणी मथळा देत नाही: बॅटरी नीट मोजणं आणि ती ओलाव्यात किती टिकते हे तपासणं.

मोजणं हा शब्द फसवा आहे. साध्या मल्टिमीटरचा आतला रोध दहा मेगाओहम असतो. एक व्होल्टला तो शंभर नॅनोॲम्पिअर ओढतो, म्हणजे शंभर नॅनोवॅट. स्ट्रॅनोंची बॅटरी फार तर तीनेक नॅनोवॅट देते. मीटर लावला की बॅटरी मेली, आणि विद्यार्थी वहीत लिहिणार ‘बॅटरी सदोष’. त्यासाठी इलेक्ट्रोमीटर, म्हणजे जवळजवळ प्रवाह न ओढणारा मीटर हवा, धातूची बंद पेटी हवी, आणि बोर्डावर बोटाचा ठसाही नको, कारण ठशातल्या मिठाची वाट नॅनोॲम्पिअरला पुरेशी रुंद असते. हे शिकलेला मुलगा पुढं बागेतल्या सेन्सरची निविदाही वाचू शकेल आणि विचारेल की झोपेतला खर्च किती, झटक्याला दाब किती पडतो, आणि ही मोजणी किती तापमानाला केली.

ओलाव्याची परीक्षा तर त्याहून स्वस्त. बंद बरणीत मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की वरच्या हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. पोटॅशियम सल्फेट ठेवलं तर ९७ टक्क्यांच्या आसपास. द्रावणाच्या वर जाळीवर नमुने ठेवायचे, तापमान २५ अंशांना राखायचं, आठवड्यातून एकदा काढून गळती मोजायची आणि कोणतं कवच कितव्या आठवड्याला फुटलं ते तारीख घालून लिहायचं. बरणी, मीठ, जाळी आणि एक उसनवार आणलेला इलेक्ट्रोमीटर एवढ्यावर हे काम येत्या पावसाळ्यात सुरू होऊ शकतं.